टॉर्च घरात आणण्यापूर्वी नळाकडे पाहा

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी संध्याकाळी दवाखाना बंद करून निघणार, एवढ्यात आमच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर रिक्षातून उतरले. मागोमाग त्यांची सून आणि नात. सुनेचा उजवा हात कापसाच्या गाठोड्यात गुंडाळलेला, डोळ्यांतून पाणी चाललेले.

"डॉक्टर, हिचा हात टॉर्चने भाजला," मास्तर म्हणाले.

"मास्तर, बॅटरीने हात कसा भाजेल? सेल फुटला की काय?"

मग उलगडा झाला. पुण्याला शिकणाऱ्या नातीने सुट्टीला येताना स्वयंपाकाची टॉर्च आणली होती. मुठीत मावणारे यंत्र, आत गॅस, चाप दाबला की टोकातून निळी ज्योत. वाटीतल्या कस्टर्डवर साखर भुरभुरायची आणि ज्योतीने ती जाळून वर कुरकुरीत पापुद्रा आणायचा, असा बेत होता. दोन वाट्या झाल्या आणि गॅस संपला. ओट्यावरच आईने टॉर्च धरली व मुलीने गॅसच्या डब्याने ती भरायला घेतली. हातभर अंतरावर शेगडीवर दूध तापत होते. भरताना थोडा गॅस बाहेर फसफसला आणि भप्पकन भडका उडाला. मुलीच्या कपाळावरचे केस होरपळले, आईचा हात मनगटापर्यंत भाजला.

पुढचे आपल्याकडच्या रीतीप्रमाणे झाले. सासूबाईंनी टूथपेस्ट फासली, शेजारणीने वरून हळद लावली, त्यावर कापूस बांधला. बांगड्या तशाच. दवाखान्यात येईपर्यंत पाऊण तास गेला होता, हात सुजला होता आणि बांगड्या मांसात रुतायला लागल्या होत्या. आधी बांगड्या कापून काढल्या. मग ती पेस्ट हळूहळू धुऊन हात नळाखाली धरायला लावला. पाच मिनिटे झाली, दहा झाली. मास्तर अस्वस्थ झाले.

"डॉक्टर, नळाचं पाणी तर आमच्या घरीही होतं."

"होतं ना, मास्तर! मग का नाही घातलंत?"

मास्तर गप्प बसले. टॉर्चबद्दल तर लिहायचे आहेच, पण हा लेख मुख्यतः त्या गप्प बसण्याबद्दल आहे.

जुनी आग, नवी आग

१९९० च्या दशकात एका सरकारी रुग्णालयात मी इंटर्न होतो. जळीत वॉर्डात ड्यूटी लागली की पोटात गोळा येई. केसपेपरवर बहुतेक वेळा एकच वाक्य असे, 'स्टोव्हचा भडका उडून'. त्या वाक्यामागे कधी खरोखर स्टोव्ह असे, तर कधी दुसरेच काही दडलेले असे, हे आम्हालाही कळे. पण खरे अपघातही कमी नव्हते. पंपाच्या स्टोव्हला पिन मारताना, पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतताना, नायलॉनच्या साडीचा पदर ज्योतीवरून जाताना बायका भाजत आणि आम्ही हताशपणे पाहत बसत असू.

आता पंपाचे स्टोव्ह बहुतेक घरांतून गेले. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर खेडोपाडी गॅस पोहोचला. ही चांगलीच गोष्ट झाली. पण भाजणे थांबलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. माझ्या दवाखान्यात येणारी भाजलेली माणसे बहुधा चहाने, आंघोळीच्या कढत पाण्याने, कढईतल्या तेलाने आणि कुकरच्या वाफेने भाजलेली असतात. टॉर्चने भाजलेली ही पहिलीच पेशंट. पण घरात आगीचे प्रत्येक नवे साधन आले की त्याबरोबर नवा अपघात येतो. म्हणून दुसरी पेशंट येण्याआधी चार शब्द लिहिलेले बरे.

ही हवी कशाला?

या टॉर्चचे मूळ काम परदेशी आहे. क्रेम ब्रूले नावाचा एक फ्रेंच गोड पदार्थ आहे. नावाचा अर्थ 'जाळलेली मलई'. १६९१ सालच्या एका फ्रेंच पाकपुस्तकात त्याची कृती आहे. तेव्हा टॉर्च कुठली असणार? लोखंडी फावडे विस्तवात लाल करून साखरेवर धरत. पुढे लाल फावड्याची जागा कारागिरांच्या हातातल्या ज्योतीने घेतली. आपला सोनारही शतकानुशतके फुंकणीने ज्योत वळवून डाग देतोच. तेच तत्त्व इथे आहे. वरून विस्तव देणे आपल्यालाही नवीन नाही. गोव्यातल्या बेबिंकाचे थर वरच्या निखाऱ्यांवरच तांबूस होतात आणि दमाच्या पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवणाऱ्या आज्या आपण पाहिल्या आहेत.

म्हणजे वस्तू वाईट नाही. मात्र तिचे काम एवढेच आहे, की पदार्थाचा फक्त वरचा भाग झटकन भाजायचा, आतला नाही. साखरेचा पापुद्रा, केकवरच्या अंड्याच्या फेसाला तांबूसपणा, चीज वितळवणे, झालेच तर शिजलेल्या पनीरला किंवा मटणाला वरून डाग पाडणे. भरताचे वांगे टॉर्चने भाजायला घ्याल तर साल कोळसा होईल, आत गर कच्चाच राहील आणि गॅसचा डबा संपेल. वांगे, टोमॅटो, कणीस, पापड यांना आपली शेगडी आणि जाळी पुरेशी आहे. कच्चे मांस तर टॉर्चने शिजवूच नये. वरून काळे झाले तरी आतले जंतू जिवंत राहतात.

माझे मत स्पष्ट सांगतो. शंभरातल्या नव्वद घरांना या वस्तूची गरज नाही. पण डॉक्टरने नुसते 'नको' म्हटले तर लोक ऐकत नाहीत, फक्त डॉक्टरला सांगायचे बंद करतात. तेव्हा ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी नीट पाहून घ्यावी.

घेताना काय पाहावे?

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक लहान, पुन्हा भरता येणारी, मुठीत मावणारी. दुसरा म्हणजे गॅसच्या सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपासच्या डब्यावर थेट बसवायचे तोंड. दुसऱ्याची ज्योत वीतभर लांब आणि जोरदार असते. हॉटेलवाल्याला ती ठीक. घरगुती कामाला लहान पहिला प्रकारच बरा.

त्यात चार गोष्टी पाहाव्यात. चापाला कुलूप हवे, म्हणजे चुकून किंवा मुलाच्या हातून दाबला जाणार नाही. ज्योत लहान-मोठी करण्याची सोय हवी. बूड रुंद हवे, ओट्यावर ठेवल्यावर कलंडता कामा नये. आणि हात सोडताच ज्योत विझली पाहिजे. ज्योत अडकवून ठेवण्याची कळ घरात नकोच. दुकानदाराला दुकानाबाहेर पेटवून दाखवायला सांगा, लाजू नका. आपण कणगी घेतानासुद्धा ठोकून पाहतो.

एक तक्रारही नोंदवतो. नातीने आणलेल्या खोक्यातला सूचनांचा कागद मी मागवून पाहिला. बारीक टाइपात इंग्रजी आणि एक परदेशी लिपी, मराठीत एक अक्षर नाही. जी वस्तू आमच्या आयाबहिणींच्या ओट्यावर येणार, तिच्या सूचना त्यांच्या भाषेत नकोत? विकणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आणखी एक. घरच्या सिलिंडरला रबरी नळी जोडून मुंडी-पाय भाजायचा बर्नर चालवणे किंवा सिलिंडरमधला गॅस रिकाम्या डब्यात भरणे हे उद्योग काही ठिकाणी चालतात. ते जिवावर बेततील. डब्यात ब्यूटेन असतो. घरच्या सिलिंडरमध्ये ब्यूटेनबरोबर प्रोपेनही असतो आणि प्रोपेनचा दाब ब्यूटेनच्या तिपटीहून जास्त असतो. पातळ पत्र्याचा डबा त्यासाठी बनवलेला नसतो.

वापरताना

ब्यूटेन हवेच्या सुमारे दुप्पट जड आहे. बाहेर पडला की तो वर जात नाही, पाण्यासारखा खाली सांडतो, ओट्यावरून घरंगळतो, जमिनीलगत साचतो. डब्यातल्या द्रवाचा वायू झाला की तो दोनशे पटींहून अधिक जागा व्यापतो आणि हवेत शंभरात दोन भाग झाला तरी पेट घेतो. मास्तरांच्या ओट्यावर नेमके हेच झाले. शिवाय सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घातलेला उग्र वास असतो, तसा या डब्यांतल्या गॅसला असेलच असे नाही. वास आला नाही म्हणजे गळती नाही, असे समजू नये.

म्हणून टॉर्च भरायची ती अंगणात किंवा गच्चीवर. जवळ शेगडी, समई, उदबत्ती, विडी काही नको. टॉर्च पूर्ण थंड झालेली हवी. टॉर्च उलटी धरायची, डबा तिच्यावर उलटा आणि सरळ दाबायचा. तिरका दाबला की गॅस बाहेर फसफसतो. भरल्यावर पाच मिनिटे थांबायचे, मगच पेटवायची.

पेटवताना तोंड आपल्यापासून आणि माणसांपासून दूर. ज्योत निळी व स्थिर झाल्यावर मगच पदार्थाकडे न्यायची, नाहीतर न जळलेल्या गॅसचा वास पदार्थाला लागतो. चार बोटांचे अंतर ठेवून ज्योत सारखी फिरवत राहायची. पदार्थ स्टीलच्या ताटात ठेवावा. प्लॅस्टिक, लाकडी पाट, साधी काच यांवर नको. सुरुवातीला टॉर्च फार तिरकी करू नये. द्रव गॅस तोंडाशी येऊन ज्योत एकदम लांब पिवळी होते. काम झाल्यावर नळीचे तोंड बराच वेळ तापलेले राहते, पण दिसायला थंड दिसते. तिथेच बोटे भाजतात.

जळत्या साखरेची वेगळी ताकीद देतो. साखर तांबूस होते तेव्हा तिचे तापमान १६० अंशांच्या पुढे गेलेले असते. उकळते पाणी १०० अंशांचे असते आणि ते ओघळून तरी जाते. वितळलेली साखर कातडीला चिकटून बसते आणि भाजतच राहते. तिला बोट लावून पाहू नका आणि मुलांना ती वाटी लगेच देऊ नका.

अंगावर सुती कपडे असावेत, पदर खोचलेला, ओढणी बाजूला, केस बांधलेले. करोनापासून घरोघरी सॅनिटायझरची बाटली आली आहे. त्यात अल्कोहोल असते. ते चोळलेला ओला हात ज्योतीजवळ नेणे म्हणजे हाताला रॉकेल लावण्यासारखेच. डबा उन्हात, शेगडीखाली किंवा वैशाखात बंद गाडीत ठेवू नये. ५० अंशांपुढे तो तापू द्यायचा नसतो. नातीने तो एसटीतून बॅगेत घालून आणला, हेही चुकलेच. रेल्वेतून असे ज्वालाग्राही सामान नेणे तर गुन्हाच आहे.

कोणी ही वस्तू हातात धरू नये? लहान मुलांनी अर्थातच. फिटस् येणाऱ्या माणसाने. हात थरथरणाऱ्या वृद्धाने. आणि जुना मधुमेह असून बोटांना बधिरपणा आलेल्याने. त्याला चटका कळतच नाही, फोड आल्यावर कळते.

काळे झालेले खावे का?

हा प्रश्न पेशंट हमखास विचारतात. पिठूळ पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे भाजले वा तळले की त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे रसायन तयार होते. २००२ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले. मांस करपले आणि त्याची चरबी ज्योतीवर जळाली की आणखी काही घातक रसायने तयार होतात. यातली काही कर्करोगाच्या संशयितांच्या यादीत आहेत. म्हणून घाबरून भरीत सोडू नका. वांग्याची काळी साल नीट काढा, करपलेला भाग टाका, तांबूस चालेल पण काळे नको, एवढा साधा नियम ठेवा. ज्याच्या खिशात रोज तंबाखूची पुडी आहे, त्याने जळक्या पापडाची काळजी करणे मात्र हास्यास्पद आहे.

भाजले तर

आता मुख्य मुद्दा. हा भाग कापून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला तरी चालेल.

पहिले काम, आग आणि गॅस दूर करा. कपड्यांनी पेट घेतला असेल तर पळू नका, पळाल्याने ज्वाळा वाढतात. जमिनीवर आडवे होऊन लोळा. दुसऱ्याने जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकावी, पाणी ओतावे.

दुसरे काम, पाणी. भाजलेला भाग साध्या वाहत्या पाण्याखाली पूर्ण २० मिनिटे धरा. घड्याळ लावून. पहिल्या मिनिटापासून धरला तर उत्तम, पण तीन तासांच्या आत केव्हाही धरला तरी उपयोग होतो. म्हणूनच मी मास्तरांच्या सुनेला पाऊण तासानंतरही नळापाशी उभे केले. विस्तव विझला तरी कातडीच्या आत उष्णता शिल्लक असते आणि ती खोल उतरत राहते. पाणी ती काढून घेते, वेदनाही कमी करते. आपल्या गावात नळ दिवसाआड येतो, हे मला माहीत आहे. नळ नसेल तर बादलीतून तांब्या-तांब्याने धार धरा, खाली परात ठेवा, तेच पाणी परत घ्या. बर्फ मात्र लावू नका, त्याने कातडी आणखी बिघडते. लहान मूल जास्त भाजले असेल तर भाजलेला भाग गार करताना बाकीचे अंग पांघरुणात गुंडाळा, त्याला हुडहुडी भरू देऊ नका.

तिसरे काम, पाणी चालू असतानाच अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, पैंजण काढा. सूज येण्याआधीच. हिरव्या बांगड्या काढायला अपशकुन वाटतो, हे मी समजू शकतो. पण बोटाचा रक्तपुरवठा थांबला तर तो मोठा अपशकुन. कातडीला चिकटलेले कापड मात्र ओढू नका.

चौथे काम, झाकणे. धुतलेले स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळा. कापूस नको, तो चिकटतो आणि काढताना कातडी निघते. फोड फोडू नका, ते निसर्गाचे ड्रेसिंग आहे.

आणि काय लावायचे नाही? टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, ताक, अंडे, चुना, रॉकेल, यातले काहीही नाही. ही लेपने उष्णता आत कोंडतात, जंतू नेतात आणि जखम किती खोल आहे हे डॉक्टरला दिसू देत नाहीत.

घरी थांबायचे की दवाखान्यात जायचे? पेशंटचा स्वतःचा बोटांसकट तळहात म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण शंभरावा हिस्सा. त्याहून मोठे भाजले असेल तर जा. चेहरा, मान, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांगावर भाजले असेल तर आकार कितीही असो, जा. पाच वर्षांखालचे मूल, वृद्ध, गरोदर बाई, मधुमेही, यांनी जा. धूर छातीत गेला असेल, आवाज बसला असेल तर तातडीने जा. भाजलेला भाग पांढरा किंवा काळा पडला असून दुखत नसेल तर धावत जा. न दुखणे हे चांगले लक्षण नव्हे, मज्जातंतूच जळाल्याची ती खूण असते. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे डॉक्टरांना विचारा. मोठ्या अपघातात १०८ ला फोन करून रुग्णवाहिका मागवा. घरच्या सिलिंडरमधून गॅस गळत असेल तर दिव्याचे बटण चालू किंवा बंद काहीच करू नका, रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर कळवा.

शेवटी

मास्तरांच्या सुनेचा हात तीन आठवड्यांनी भरून आला. मनगटावर एक डाग राहिला आहे, तो काही महिने राहील. परवा मास्तर भेटले. म्हणाले, "डॉक्टर, नात टॉर्च परत घेऊन जाते म्हणतेय. नेऊ द्यावी का?"

मी म्हटले, "नेऊ द्या, पण डबा इथेच राहू द्या. आणि आधी तिला विचारा, भाजलं तर किती मिनिटं पाणी. वीस म्हणाली तर द्या."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर तुम्ही मास्तर आहात. शिकवा."

माझे म्हणणे एवढेच आहे. आग आपल्या घरातून जाणार नाही, जायलाही नको. चुलीपासून टॉर्चपर्यंत तिची रूपे बदलत राहतील. पण ज्या घरातल्या लहानथोरांना भाजल्यावर पहिल्यांदा कुठे धावायचे हे ठाऊक नाही, त्या घरात आगीचे नवे खेळणे येऊ नये. तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही. आज संध्याकाळी जेवताना घरात हा प्रश्न विचारून पाहा, हात भाजला तर आधी काय करशील? उत्तर टूथपेस्ट आले, तर हा लेख पुन्हा एकदा मोठ्याने वाचा.